देवाला विचारलेला अर्धा प्रश्न

जयवंत गेल्याची बातमी मला टपरीवाल्या पक्याने फोनवर दिली. "वामनानू, जयवंताची गाडी घाटयेत गेली... मागच्या बंगल्यासकट," एवढंच बोलून तो थांबला. अशा वेळी माणूस विचारतो, जीव आहे ना, कुठे नेलंय, सोबत कोण आहे. मी विचारलं, "खयच्या वळणार?" पक्या म्हणाला, "तिसऱ्या." मी फोन खिशात टाकला, हात पुसले आणि गॅरेजचं शटर खाली ओढलं. तिसरं वळण हे उत्तर मला आधीच ठाऊक होतं. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, आमच्या गावात उतरणाऱ्या घाटीला चार वळणं आहेत. जड गाडी हाताबाहेर जायची असेल तर ती तिसऱ्यालाच जाते, कारण पहिली दोन वळणं उतरेपर्यंत ब्रेक तापून निकामी झालेले असतात. जयवंताच्या गाडीचं असं होऊ शकतं हे गावात मला एकट्याला माहीत होतं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. जे आज लिहितोय ते तेव्हा, किंबहुना त्याच्याही आधी बोलायला हवं होतं.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. गॉगल लावलेल्या जयवंताचा फोटो आणि खाली हात जोडलेल्या बारा जणांचे फोटो असा भलामोठा फलक होता. कोण गेलंय ते कळायला जरा वेळ लागायचा. एकाने त्याला किनाऱ्याच्या पर्यटनाचा दीपस्तंभ म्हटलं. दुसरा म्हणाला, जयवंतरावांनी गावाला स्वप्नं बघायला शिकवलं. हीच माणसं वर्षभर टपरीवर त्याच्याच चहावर त्याची टिंगल करत होती. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घशाला हात लावून आवाज बसल्याची खूण केली. आवाज ठणठणीत होता. मागच्या खुर्चीवर बसून मी त्या सगळ्यांचा मनसोक्त तिटकारा केला, आणि बरं वाटलं, कारण तेवढा वेळ स्वतःकडे बघावं लागलं नाही. खरं सांगायचं तर तिटकारा मला जयवंताचाही होता. तो जिवंत असताना होता, आणि तिथेच सगळं आलं.

जयवंत माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. हे चार महिने त्याने मला जन्मभर ऐकवले. तो बोटीवर गेला, बोसन झाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. मी रेडीला गेलो, खनिजाचे डंपर दुरुस्त करायला. तो बंदरं मोजत होता तेव्हा मी डंपरखाली उताणा पडून ब्रेक बसवत होतो. बावीस वर्षं तेच केलं, मग गावात स्वतःचं गॅरेज टाकलं. सुट्टीवर आला की तो सगळ्यांना काहीबाही वाटायचा. कुणाला अत्तर, कुणाला घड्याळ, आणि मला दर वेळी साबण. "घे वामना, हात धुवक," असं चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. साबण चांगले होते, वासाचे. मी त्यातला एकही वापरला नाही. ट्रंकेत टाकत गेलो. माणूस किती वर्षं किती साबण जपून ठेवू शकतो हे मला विचारा.

त्याच्यात वाईट काही नव्हतं, एवढं मला आज म्हणता येतं. खोटं बोलायचा नाही, कुणाचं वाईट चिंतायचा नाही. फक्त त्याला बघणारे लागायचे. मासा आणला तरी तो पिशवीत नाही, हातात धरून गावभर मिरवत आणायचा. बोटीवरून कायमचा उतरला तेव्हा डोक्यात एक खूळ घेऊन उतरला. परदेशात लोक गाडीच्या मागे अख्खं घर जोडून फिरतात. तसं घर इथे बनवायचं, आज देवबागेला उभं करायचं, उद्या आचऱ्याला, पाहुण्यांना रोज नवा समुद्र. कोल्हापुरातल्या एका वर्कशॉपने त्याला ते बनवून दिलं. बावीस फूट लांब, चार चाकं, आत पलंग, ओटा, न्हाणी, खिडक्यांना पडदे. तीन टन वजन. गाव त्याला फिरता बंगला म्हणू लागलं. ज्याचं कामच फिरणं, तो बंगला कोल्हापूरहून आमच्या गावात आला तो मात्र दुसऱ्या एका अवजड गाडीच्या पाठीवर बसून. लोक फटाके वाजवत होते आणि हे फक्त मला दिसत होतं. घर आधी बांधलं होतं; त्याला ओढणार कोण, हा शोध आता सुरू व्हायचा होता.

तो शोध टपरीवर दोन महिने चालला. टपरीवरच्या माणसाला विषय कुठलाही द्या, तो त्यात आधीपासून तरबेज असतो. एक म्हणाला ट्रॅक्टर घे. दुसऱ्याच्या मेव्हण्याकडे जुनी जीप होती, ती हत्ती ओढील असं त्याचं म्हणणं. आंब्याच्या पेट्या नेणारा एक जण म्हणाला, "माझ्या टेम्पोन पावसात रेती ओढल्यान, ह्यां काय मोठां?" सगळ्यांचा शब्द एकच, ओढतली. इंजिन किती ताकदीचं, चढाला दम लागेल का, एवढीच चर्चा. ओढलेली वस्तू उतारावर मागून ढकलायला लागते तेव्हा काय, हे एकालाही सुचलं नाही. मी कोपऱ्यात बसून चहा पीत होतो आणि मनात म्हणत होतो, गाढवं आहेत सगळी. मनात म्हणायला जोर लागत नाही.

तरी एकदा मी बोललो. रेडीला एका खाणवाल्याकडे खनिज वाहणारी एक जुनी सहाचाकी पडून होती. रंग गेलेला, केबिनच्या दारात भोक, पण चासी दणकट आणि हवेवर चालणारे ब्रेक मीच दोन वर्षांपूर्वी नव्याने बसवलेले. मी जयवंताला घेऊन गेलो. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं. मी सांगायला लागलो, की ही दिसायला कशी का असेना, मागचं वजन घेऊन थांबेल... दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याने सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. "वामनाक नवो पलंग दाखवलो तरी तो खाली वाकान इचारतलो, ब्रेक खंय आसा?" पक्याच्या हातातून किटली सुटायची राहिली, इतकी माणसं हसली. मीही हसलो. आणि हसता हसता मनाशी ठरवलं, बरं, आता नाही विचारत. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असला पण करावा, यापेक्षा हलकट काही असेल तर मला ठाऊक नाही.

जयवंताचं मन एका पिकअपवर बसलं होतं. दोन ओळी सीटांची, उंच, तांबडी, समोर चकचकीत जाळी. गाडी बरी होती, आणि गाडीचा काही दोष नव्हता; पण तिचं स्वतःचं वजन मागच्या बंगल्याहून एका टनाने कमी. घ्यायची की नाही याचा कौल देवाला लावायचा असं सुलभा वैनीने, म्हणजे जयवंताच्या बायकोने ठरवलं. आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलीचं स्थळ, ग्रामदेवाला विचारल्याशिवाय पाऊल पडत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो; उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळी आठ-दहा माणसं देवळात जमली. बाबल गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "काय इचारूचां ता नीट सांगा. देव इचारलल्याचांच उत्तर देता." जयवंत माझ्याकडे वळला. टपरीवर केलेली नक्कल तो विसरूनही गेला होता. "वामना, तू गाडयेतलो माणूस. तू सांग."

त्या वेळी माझ्या तोंडात बरोबर प्रश्न होता. ही गाडी घाटीत मागचं वजन धरून ठेवील काय. एवढंच विचारायचं होतं. मी म्हणालो, "इचार, ही गाडी बंगलो ओढतली काय." बाबल गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान गाडी घेवचो इचार केल्यान हा. ती त्येचो बंगलो ओढतली आसात, तर उजवो कौल दी म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मीही म्हणालो. उजवी पाकळी लगेच पडली. पडणारच. गाडी ओढणार होतीच. वैनीने डोळे पुसले, जयवंताने मला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून मला बाबल गुरव दिसला. खाली पडलेली पाकळी उचलून तो तबकात ठेवत होता, इतकी जपून, की मी मान फिरवली.

बंगला गाडीला जोडायचा आकडा माझ्याच गॅरेजात बसवला गेला. वेल्डिंग मी केलं, आणि असं केलं की हत्ती लटकवा. तो आकडा तुटला नाही. तुटला असता तर बंगला एकीकडे गेला असता आणि जयवंत वाचला असता... हा हिशोब मी रोज करतो. जोडून पहिली फेरी मारली तेव्हा मागचं वजन पिकअपच्या मागच्या चाकांवर बसलं आणि पुढची चाकं हलकी झाली. सुकाणूच हलकं झाल्यासारखं. बोटीवरच्या माणसाला हे कळायला हवं होतं. भरलेलं जहाज थांबायला किती मैल लागतात ते तोच आम्हाला रंगवून सांगायचा. पण तो खूश. "बघ रे, स्टेरिंग कसां लोण्यासारख्यां फिरता!" बंगल्याला स्वतःचे विजेचे ब्रेक होते, वर्कशॉपवाल्याने बसवलेले. त्यांच्या वायरी पुढे आणून गाडीत एका डबीला जोडाव्या लागतात, म्हणजे पाय इकडे दाबला की मागची चाकंही धरतात. त्या वायरी बंगल्याच्या तोंडाशी लोंबत होत्या. जयवंताने विचारलं, "ह्यो कसल्यो वायरी?" मी म्हणालो, "मगे बघूया." त्या गोल गुंडाळल्या आणि जाळं विणायच्या हिरव्या दोऱ्याने बांधून टाकल्या. वर गाठही चांगली मारली.

शिमगा होऊन गेल्यावर एका सकाळी त्याने बंगला सड्यावर नेला, चार गावांतली माणसं बोलावून दाखवायला. पाण्याची टाकी भरलेली, सिलिंडर, खुर्च्या, भांडी, सगळं आत. वैनी रांधपात, चुलीपाशी होती म्हणून घरी राहिली. चढण गाडीने सहज काढली. देवाचा शब्द खरा झाला. अकराच्या सुमारास वरून त्याचा फोन आला. "वामना, ओढल्यान रे मेल्या! लोण्यासारख्यां! आता उतरतंय." माझ्याकडे अजूनही वेळ होता. टाकी रिकामी कर, पहिल्या गिअरवर उतर, ब्रेकवर पाय ठेवून राहू नकोस. तीन वाक्यं. मी म्हणालो, "बरां." मला वाटलं होतं, कुठेतरी चरात चाक जाईल, गाव हसेल, एकदा तरी त्याचं तोंड उतरलेलं बघायला मिळेल. मरेल असं वाटलं नव्हतं. पण हे वाक्य लिहून झाल्यावर मीच त्यावर थुंकतो. बावीस वर्षं ब्रेक बसवणाऱ्याला असं वाटलं नव्हतं म्हणायची सोय नाही. तिसऱ्या वळणावर बंगल्याने पिकअपला मागून रेटलं, आडवं फिरवलं आणि जांभ्या चिऱ्याच्या उभ्या दरडीवर दाबलं. बंगला स्वतः उभाच राहिला, एका बाजूला पोचा येऊन. आतले पडदेसुद्धा जागेवर होते. घाटीवरून घरी आल्यावर मी ट्रंक उघडून त्यातला एक साबण काढला आणि हात धुतले. वास अजून तसाच होता.

नंतर जे सुरू झालं त्याने मला गप्प बसू दिलं नाही. गावाला कुणीतरी दोषी लागतो आणि गाव नेहमी गरीब बघून निवडतं. कुणी म्हणालं, बाबल गुरवाने पाकळ्या नीट लावल्या नाहीत. कुणी म्हणालं, तो म्हातारा झाला, हात थरथरतो, कौल खोटा पडला. लोक कौल लावायला शेजारच्या गावात जाऊ लागले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस रिकाम्या देवळात सकाळ-संध्याकाळ दिवा लावतो आणि बाजारात गेला तर लोक त्याच्याकडे पाठ करतात. आणि वैनीने देवळाची वाट सोडली. एके दिवशी मला म्हणाली, "भावजीनू, देवान आमका फसवल्यान. उजवो कौल दिल्यान आणि माणूस नेल्यान." मी त्या दिवशीही मान हलवून घरी आलो.

गेल्या पंधरवड्यात मी तिच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. बंगला माडांखाली लावून ठेवलाय, चाकांना चिरे टेकवलेत. वैनी कोकमाची सोलं सुकत घालत होती. मी म्हणालो, "वैनी, देवान फसवूक नाय. देवाक मी अर्धोच प्रश्न घातलंय." मग सगळं सांगितलं, टपरी, नक्कल, पाकळी, वायरी, फोन. ती हातातली सोलं एकेक करून सुपात मांडत राहिली. मी थांबल्यावर तिने विचारलं, "मगे खयची गाडी घेवक होयी होती?"

हाच प्रश्न मला वर्षभर कुणी सरळ विचारावा असं वाटत होतं. मी सांगितलं, "ती रेडीची जुनी."

"आणि हीच घेतली तर?"

"तर त्यो वायरी जोडूक होयो होत्यो. गाडयेत एक लहान डबी बसता."

"कितको येळ लागतलो होतो?"

"अर्धो तास."

तिने सूप खाली ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून ही बाई मला तुमी म्हणत आली. "अर्ध्या तासाचां तोंड नाय होतां तुका?" ती म्हणाली. वायरींची गाठ सोडावी म्हणून मी बंगल्याच्या तोंडाशी वाकलो, निदान एवढं तरी, तर मागून तिचा आवाज आला. "तां रवांदे. हात लाव नको. माका सांगलंस, आता गावाक सांग. गुरवाच्या दारातसून माणसां पाठ फिरवून जातत." गावाच्या सभेत उभं राहायचं धैर्य माझ्यात नाही, हे ती जाणते आणि मीही. म्हणून गावाने वाचावं असं इथे लिहिलं. कौल खरा होता. बाबल गुरवाचे हात थरथरले नाहीत. प्रश्न माझा होता आणि तो मी मुद्दाम अर्धा ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी बंगला विकत घ्यायला रत्नागिरीकडचा एक जण आला. त्याची पिकअप तशीच, फक्त रंगाने पांढरी. वैनीने मला निरोप धाडला. त्या माणसाने बंगल्याभोवती फेरी मारली, चाकाला लाथ मारून बघितली आणि प्रसन्न होऊन म्हणाला, "काय हो, ओढेल ना आरामात?" वैनी पायरीवर उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "ओढेल. थांबवणार नाही." मग त्याला वजनं सांगितली, उतार सांगितला, तिसरं वळण सांगितलं. तो हसला, म्हणाला, तुम्ही फारच घाबरवता बुवा, आमच्या मेकॅनिकला विचारतो, आणि निघाला. जाता जाता त्याचं लक्ष पुढच्या बाजूला गेलं. हिरव्या दोऱ्याने बांधलेलं ते वेटोळं बोटाने हलवत त्याने विचारलं, "आणि ह्या वायरी कसल्या?"

मी ते पण सांगितलं. कसल्या, आणि कुणी बांधल्या. तो गेल्यावर वैनी पायरी उतरून आली, मागच्या चाकाचा सरकलेला चिरा पायाने परत जागेवर सारला आणि आत गेली. बंगला विकला गेलेला नाही. बघायला कुणीतरी येतच असतं, निरोप आला की मी जातो. येणारा प्रत्येक जण त्या गाठीपाशी थांबतो आणि तोच प्रश्न विचारतो.